माळरानाचा नकाशा

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात बारामती व इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर मोसमी पाऊस मुसळधार कोसळतो. परंतु तेथून पूर्वेकडे येता येता ढगांतील पाणी सरत जाते. त्यामुळे या दोन तालुक्यांच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. दक्षिणेकडून नीरा व उत्तरेकडून भीमा या नद्या वाहतात आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाशी, नरसिंहपूर येथे, त्यांचा संगम होतो. नद्यांच्या काठी काळी कसदार जमीन आहे. नद्यांपासून दूर, उंचवट्याच्या प्रदेशात मात्र मातीचा थर पातळ असून त्याखाली मुरूम व खडक लागतो. हेच या भागातील माळरान होय.

वैशाख महिन्यात एखादा प्रवासी या माळावरून गेला, तर त्याला काय दिसेल? तापलेली जमीन, वाळून पिवळे पडलेले गवताचे ठोंब, मधूनच एखादी हिवराची किंवा बाभळीची झुडुपे आणि वाऱ्याबरोबर उठणारी धूळ. घरी गेल्यावर तो सांगेल, “तेथे काही नाही, सारा ओसाड प्रदेश आहे.” दुसरा एखादा प्रवासी भाद्रपदात त्याच वाटेने गेला, तर त्याला गुडघाभर हिरवे गवत वाऱ्यावर डोलताना दिसेल, मेंढरांचे कळप चरताना दिसतील आणि चंडोल पक्ष्याचे गाणे ऐकू येईल. तो सांगेल, “काय सुंदर कुरण आहे!” दोघांचेही म्हणणे खरे, पण ते अर्धेच खरे.

मग अशा जमिनीची नकाशावर नोंद काय करावी? ओसाड म्हणून की कुरण म्हणून? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नकाशावर जे नाव पडते, त्याप्रमाणे पुढे माणसे त्या जमिनीशी वागतात. तिचे रक्षण करावयाचे की तिच्यावर नांगर फिरवावयाचा, हे पुष्कळदा त्या नावावरूनच ठरते.

जमीन मोजण्याच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव फार महत्त्वाचे आहे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली व हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेतीचे उत्पन्न, लागवडीचा खर्च व उरणारा नफा यांचा हिशेब मांडून शेतसारा ठरविला. कागदावर तो हिशेब मोठा सुबक होता. परंतु ज्या माहितीच्या आधारावर तो उभा होता, तीच पुष्कळ ठिकाणी चुकीची होती. सारा जड झाला, शेतकरी मेटाकुटीस आले आणि कित्येकांनी जमिनी सोडून दिल्या. कागद व जमीन यांची गाठ पडली नाही, म्हणजे त्याचे फळ माणसांना भोगावे लागते, हा धडा इंदापूरने तेव्हाच दिला.

ही चूक सुधारण्यासाठी १८३५ साली गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली. मोजणीदार शंकू व साखळी घेऊन शेतोशेत हिंडू लागले. साखळी ३३ फूट लांबीची असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मातीचा रंग व खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरविण्यात आली. उत्तम काळी जमीन सोळा आणे, तर उथळ व खडकाळ जमीन अवघी दोन-चार आणे. सारा हलका करून तो ३० वर्षांसाठी कायम ठेवण्यात आला. ही पद्धत यशस्वी ठरली व पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली.

त्या मोजणीचा हेतू सारा ठरविणे हा होता. साहजिकच जी जमीन पिकाखाली येत नाही, तिचे सरकारास फारसे महत्त्व नव्हते. अशा जमिनीला दप्तरात ‘खराबा’ असे नाव मिळाले. एखाद्या शेतातील लागवडीस न येणाऱ्या भागाला ‘पोटखराबा’ म्हणतात, तो शब्द आजही सातबाराच्या उताऱ्यावर आढळतो. साऱ्याच्या हिशेबापुरता हा शब्द योग्यच होता. परंतु ‘येथे पीक येत नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘येथे काहीच नाही’ असा समजला जाऊ लागला. माळरानाच्या पुढील कथेत या शब्दाने मोठाच घोटाळा केला आहे.

साखळीने केलेल्या मोजणीस आणखी एक मर्यादा होती. तिने जमिनीची हद्द पक्की केली. परंतु जमीन काही एका स्थितीत राहत नाही. ती ऋतूबरोबर बदलते आणि माणसाच्या करणीनेही बदलते. याचे मोठे उदाहरण नीरेच्या खोऱ्यातच घडले. भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. बारामती व इंदापूर तालुक्यांतील कोरड्या रानांत पाणी खेळू लागले आणि उसाचे मळे उभे राहिले. ही संपत्ती खरीच होती. परंतु काही वर्षांतच कालव्याखालच्या सखल जमिनींत वेगळेच लक्षण दिसू लागले. जमिनीवर पांढरा थर येऊ लागला आणि पीक उगवेनासे झाले.

याचे कारण असे की, पिकाला लागते त्याहून अधिक पाणी दिले आणि त्याचा निचरा झाला नाही, म्हणजे ते जमिनीखाली साठत जाते. साठलेल्या पाण्याची पातळी वर वर येते. मातीतील क्षार त्यात विरघळतात. दिव्याच्या वातीतून जसे तेल वर चढते, तसे हे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मात्र तेथेच राहतात. अशा जमिनीला शेतकरी खारवट व चोपण अशी नावे देतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख हॅरोल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि तो १९१० साली प्रसिद्ध झाला. त्या काळी असा अभ्यास करावयाचा म्हणजे रानोरान फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका टोकाची पाहणी संपून दुसरे टोक गाठीपर्यंत पहिल्या टोकाची स्थिती बदललेली असावयाची.

सबंध प्रदेश एकाच वेळी दिसावा आणि तो पुन्हा पुन्हा दिसावा, अशी सोय हवी होती. ती सोय उपग्रहांनी केली.

भारताने आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात सोडला. त्यानंतर १३ वर्षांनी, १७ मार्च १९८८ रोजी, ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह सोडण्यात आला. भारताची भूमी, पिके, वने व पाणी यांची पाहणी नियमितपणे करण्यासाठी सोडलेला हा पहिला भारतीय उपग्रह होय. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. वस्तूला स्पर्श न करता, दुरूनच तिची माहिती मिळविण्याच्या या विद्येला ‘दूरसंवेदन’ किंवा ‘सुदूर संवेदन’ म्हणतात. त्यानंतर ‘रिसोर्ससॅट’ मालेतील उपग्रह २००३, २०११ व २०१६ या साली सोडण्यात आले. उपग्रहांनी पाठविलेली माहिती हैदराबादजवळ शादनगर येथे घेतली जाते आणि तेथून ती निरनिराळ्या संस्थांस मिळते.

असा उपग्रह जमिनीपासून सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांजवळून जाणाऱ्या मार्गाने पृथ्वीभोवती फिरत असतो. एका फेरीस त्याला सुमारे १०० मिनिटे लागतात. तो फिरत असता खाली पृथ्वीही स्वतःभोवती फिरत असते. त्यामुळे चातीवर सूत गुंडाळले जावे, तसे त्याचे फेरे पृथ्वीवर सरकत जातात आणि काही दिवसांत सारी भूमी त्याच्या नजरेखालून जाते. कोणत्याही गावावरून तो जवळजवळ ठराविक वेळीच, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. त्यामुळे एका महिन्याच्या चित्राची दुसऱ्या महिन्याच्या चित्राशी तुलना करणे सोपे होते.

उपग्रहाची दृष्टी मनुष्याच्या दृष्टीहून निराळी असते. सूर्याचा प्रकाश पानावर पडला, म्हणजे पानातील हरितद्रव्य त्यातील तांबडा प्रकाश बराचसा शोषून घेते, कारण त्याच्या बळावर पान आपले अन्न तयार करते. परंतु तांबड्याच्या पलीकडे जो ‘अवरक्त’ प्रकाश असतो, तो निरोगी पान मोठ्या प्रमाणात परत फेकते. माणसाच्या डोळ्यास हा प्रकाश दिसत नाही. उपग्रहावरील संवेदकास तो दिसतो. पान जितके ताजे व दाट, तितका परत येणारा तांबडा प्रकाश कमी आणि अवरक्त प्रकाश अधिक. या फरकावरून शास्त्रज्ञांनी एक सोपे गणित बसविले आहे. अवरक्त प्रकाशातून तांबडा वजा करावयाचा आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागावयाचे.

समजा, उसाच्या एका फडावरून १०० भागांपैकी ४५ भाग अवरक्त व ५ भाग तांबडा प्रकाश परत आला. वजाबाकी ४० व बेरीज ५०. म्हणून भागाकार ०.८ येतो. उघड्या जमिनीवरून ३० भाग अवरक्त व २० भाग तांबडा प्रकाश परत आला, तर भागाकार केवळ ०.२ येतो. पाणी तर अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळून टाकते; त्यामुळे तेथे उत्तर शून्याच्याही खाली जाते. या संख्येला ‘वनस्पती निर्देशांक’ म्हणतात. संख्या पाहताच येथे दाट हिरवळ आहे, विरळ आहे की पाणी आहे, याचा अंदाज बांधता येतो.

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्यास त्याची स्वतःची संख्या असते. म्हणूनच अशा चित्रांस व त्यांवरून केलेल्या नकाशांस ‘अंकीय’ म्हणतात. १९८८ च्या उपग्रहावरील एका कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका सुमारे ७२ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सव्वा एकराहून मोठा असे. एवढ्या ठिपक्यात लहान शेतकऱ्याचे सबंध शेत बुडून जावयाचे. २०१५ पासून युरोपीय देशांचे ‘सेंटिनेल-२’ हे उपग्रह काम करू लागले. त्यांचा ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरांचा आहे. आता गंमत पाहण्यासारखी आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर! इंदापुरात १८३५ साली मोजणीदारांनी जो गुंठा साखळीने मोजला, जवळजवळ तेवढाच तुकडा आज उपग्रह ८०० किलोमीटरांवरून वेगळा ओळखतो. फरक इतकाच की, मोजणीदार त्या गुंठ्याकडे एका पिढीतून एकदा येई. उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी येते.

पुन्हा पुन्हा पाहण्याचे महत्त्व फार आहे. वैद्य जसा रोग्याच्या नाडीवर बराच वेळ बोटे ठेवतो, तसे वर्षभराच्या चित्रांवरून जमिनीची नाडी समजते. नीरेच्या कालव्याखालील उसाचा फड वर्षातील बहुतेक महिने हिरवा दिसतो. रब्बीच्या ज्वारीचे शेत कार्तिकापासून पौषापर्यंत हिरवे असते व मग पिवळे पडते. माळरान श्रावणापासून आश्विनापर्यंत हिरवे असते आणि दिवाळीनंतर हळूहळू वाळते. इंदापूरच्या उत्तरेस उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. भरलेला असताना तो चित्रात मोठा काळसर पट्टा दिसतो आणि उन्हाळ्यात त्याच्या कडा आत आत सरकतात. एकाच दिवसाच्या चित्रात जे दोन हिरवे तुकडे सारखे दिसतात, ते वर्षाच्या चित्रमालिकेत आपोआप वेगळे ओळखू येतात.

या कामात ढगांची अडचण असते. माळावर गवत वाढते ते पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असते. यासाठी ‘रडार’ असलेले उपग्रह उपयोगी पडतात. ते स्वतःच लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरी टिपतात. त्यांना ढगांचा किंवा अंधाराचा अडथळा होत नाही. भारताचा ‘रिसॅट-१’ हा असा उपग्रह २०१२ साली सोडण्यात आला होता.

केवळ चित्रे गोळा केली म्हणजे जमिनीची व्यवस्था होत नाही. त्यांची इतर माहितीशी सांगड घालावी लागते. एका पारदर्शक कागदावर गावाच्या हद्दी काढाव्यात, दुसऱ्यावर ओढे व विहिरी, तिसऱ्यावर जमिनीचा उतार, चौथ्यावर मातीची खोली, पाचव्यावर हिरवळ. आणि मग हे सर्व कागद एकावर एक ठेवून पाहावेत. संगणक हेच काम करतो. या व्यवस्थेस ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ म्हणतात. उतार कोठे आहे, माती कोठून वाहून जाते, पाणी कोठे मुरेल, बांध कोठे घालावा, असे प्रश्न या कागदांच्या चळतीस विचारता येतात.

खारवट जमिनींचेच पाहा. उन्हाळ्यात क्षारांचा थर पांढरा चमकतो, म्हणून तो उपग्रहाच्या चित्रात उठून दिसतो. दरवर्षीची चित्रे ताडून पाहिली, तर हा पांढरेपणा पसरतो आहे की आटतो आहे, ते कळते. परंतु नदीची कोरडी वाळू पांढरी दिसते, खडीच्या खाणीतील चुराही पांढरा दिसतो. तेव्हा चित्रात शंकास्पद दिसलेल्या ठिकाणी जाऊन मातीचा नमुना घ्यावा लागतो व त्यातील क्षार मोजावे लागतात. नमुना जुळला, म्हणजे निचऱ्याचे चर कोठे खोदावेत, हे निश्चित करता येते. बारामती तालुक्यात माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ साली स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता व जमिनीतील दोष यांचा पिकांवर पडणारा ताण कसा कमी करावा, याचा अभ्यास तेथे चालतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात २०२४ साली उसावर एक नवा प्रयोग सुरू झाला. त्यात उपग्रहाची चित्रे, हवामान मोजणारे यंत्र व मातीत पुरलेले संवेदक यांची माहिती संगणक एकत्र करतो आणि उसाला पाणी केव्हा व किती द्यावे, याचा सल्ला देतो. नेमके पाणी दिले म्हणजे पाण्याची बचत होते आणि जमीन खारवट होण्याचे भयही कमी होते.

येथपर्यंत नव्या नकाशांचे गुण पाहिले. परंतु माळरानाच्या बाबतीत हेच नकाशे काही काळ चकले, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे.

देशात पडीक जमीन किती आहे हे कळावे, म्हणून उपग्रहांच्या चित्रांवरून भारताच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह वेळोवेळी तयार करण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात देशाचा सुमारे १७ टक्के भूभाग पडीक दाखविला आहे. त्यात खारवट जमीन आहे, वाळूचे प्रदेश आहेत. परंतु खुरटी झुडुपे असलेली जमीन आणि निकृष्ट चराऊ रान हेही प्रकार आहेत. माळरानाचा बराच भाग याच सदरांखाली जातो. जुन्या दप्तरातील ‘खराबा’ हा शब्दच जणू नव्या नकाशात वेष पालटून आला. यात उपग्रहाचा दोष नाही. त्याने विरळ हिरवळ पाहिली आणि विरळ हिरवळ कळविली. तिला ‘पडीक’ हे नाव माणसाने दिले.

या नावाचे परिणाम सौम्य नसतात. जमीन पडीक ठरली, म्हणजे ती उपयोगात आणली पाहिजे असे सर्वांसच वाटू लागते. कोणी तेथे कारखाना काढू म्हणतो, कोणी सौर ऊर्जेची तावदाने उभारू म्हणतो. कोणी चांगल्या बुद्धीनेच तेथे झाडे लावावयास निघतो. खड्डे खणले जातात, लांबच लांब चर खोदले जातात आणि पूर्वीचे गवत उपटले जाते. झाडे लावणे हे चांगलेच काम आहे. ओढ्याच्या काठी, गावाच्या शिवेवर, उघड्या पडलेल्या डोंगरउतारावर ती अवश्य लावावीत. परंतु शेकडो वर्षे गवताचेच घर असलेल्या भूमीवर दाट झाडी लादली, तर लाभापेक्षा हानीच अधिक होते.

कारण माळरान हे उजाड झालेले वन नव्हे. ती निसर्गाची एक स्वतंत्र व पूर्ण रचना आहे. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते कमी पावसात वाढतात. त्यांचा वरचा भाग उन्हाळ्यात वाळला, तरी मुळे जमिनीत जिवंत राहतात, माती धरून ठेवतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. चिंकारा हे देखणे हरीण उघड्या रानातच सुरक्षित असते. शत्रू दुरून दिसला की ते वाऱ्यासारखे पळते. लांडगा माळावरच बिळे करून पिल्ले वाढवितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. खोकड, तरस, ससा, धाविक, माळटिटवी अशी कितीतरी मंडळी या गवताच्या आधारे जगतात. बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. परंतु त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे. बाकीचे माळरान त्याच्या कुंपणाबाहेरच पसरलेले आहे.

माणसांचाही या गवतावर हक्क आहे. धनगरांचे वाडे पावसाळ्यात या माळांवर मेंढरे चारतात आणि दिवाळीनंतर त्यांतील कित्येक घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवितात. लेंडीखताच्या मोबदल्यात धनगरांस धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे माळावरचे गवत मेंढरांच्या द्वारे शेताचे खत होते. नकाशात ज्या जमिनीपुढे ‘पडीक’ लिहिले आहे, तिच्यावर इतका मोठा व्यवहार चाललेला असतो.

ही चूक दुरुस्त करण्याचे कामही पुन्हा उपग्रहांच्याच साहाय्याने चालू झाले आहे. एम. डी. मधुसूदन व अबी तमीम वनक या दोन शास्त्रज्ञांनी भारताच्या कमी पावसाच्या प्रदेशातील माळराने, झुडपी राने अशा मोकळ्या नैसर्गिक भूमींचा एक नकाशा तयार केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा अशा भूमींनी व्यापलेला आहे आणि त्यातील ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. चित्रे आकाशातूनच घेतलेली होती. प्रश्न मात्र नवा होता. पूर्वी ‘येथे काय नाही’ असे विचारले जात होते; या वेळी ‘येथे काय आहे’ असे विचारण्यात आले. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील माळरान लोकांनी पाहावे, म्हणून वनविभागाने २०२४ साली तेथे सफरीही सुरू केल्या.

नकाशा खरा आहे की नाही, हे शेवटी जमिनीवरच ठरते. म्हणून पाहणीचा शेवटचा भाग पायांनी करावयाचा असतो. नकाशातील काही ठिपके निवडावयाचे, हातातील यंत्राच्या साहाय्याने नेमक्या त्या जागी पोहोचावयाचे आणि तेथे प्रत्यक्ष काय आहे ते लिहून घ्यावयाचे. समजा, असा एक पाहणी करणारा तरुण उन्हाळ्यात माळावर पोहोचला. त्याच्या नकाशात तो ठिपका ‘पडीक’ आहे आणि समोरही सारे वाळलेलेच दिसत आहे. तो तशी नोंद करणार, इतक्यात त्याची दृष्टी मेंढरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे जाते.

“बाबा, ही जमीन पडीकच आहे ना?” तो विचारतो.

“पडीक कशी, सायेब?” म्हातारा म्हणतो. “आता वाळलंय खरं. पर पाऊस पडू द्या, मग या. हितं गुडघ्याइतकं गवात असतंय. माझ्या आज्यापासनं मेंढरं हितंच चरत्यात. त्या वघळीपाशी लांडग्याचं बीळ बी हाय.”

तो तरुण शहाणा असेल, तर वहीत लिहिलेला शब्द खोडील, आश्विनातील चित्र काढून पाहील आणि पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच जागी येईल. म्हाताऱ्याला ज्या गोष्टी ठाऊक आहेत, त्या उपग्रहाला ठाऊक नाहीत. आणि उपग्रहाला एका नजरेत जेवढा प्रदेश दिसतो, तेवढा म्हाताऱ्याच्या सबंध आयुष्यातही पायांखालून गेलेला नसतो. दोघांचे म्हणणे एका कागदावर आले, म्हणजे नकाशा विश्वासास पात्र होतो.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ नावाचा नकाशा संगणकावर सर्वांसाठी खुला केला. शाळेतील मुलांनाही तो पाहता येतो. आपल्या गावचे गायरान किंवा माळ त्यात शोधावा, त्यातील एक गुंठा निवडावा आणि वर्षभर दर महिन्याला तेथे जाऊन यावे. जमीन कोणत्या रंगाची दिसते, गवत किती उंच आहे, त्याचे नाव काय, कोणाच्या पावलांचे ठसे उमटले आहेत, हे वहीत टिपावे. गवतांची नावे गावातील वडीलधाऱ्यांस विचारावीत, कारण ती कोणत्याही उपग्रहास सांगता येत नाहीत. बारा महिन्यांनी त्या वहीत एका गुंठ्याची खरी हकीकत लिहिलेली असेल, आणि त्या गुंठ्यास पडीक म्हणावे की नाही, याचे उत्तर ज्याच्या त्याला देता येईल.